एम३५ए२ चा लाइट स्विच: तीन स्विच, एकच स्टॉक नंबर

ट्रक १९६९ चा आहे. एम३५ए२, म्हणजे अमेरिकन आर्मीचा तो प्रसिद्ध अडीच टनी, सहाही चाकांना ताकद जाणारा, ज्याला तिकडे सगळे 'ड्यूस अँड अ हाफ' म्हणतात. बनवलाय कैसर जीपने, साउथ बेंड, इंडियानाच्या त्या प्लँटमध्ये जो आधी स्टुडबेकरचा होता आणि १९६४ मध्ये कैसरने घेतला. मालक म्हणजे ओळखीतले एक दादा, अमेरिकेतच असतात, आणि त्यांना हा ट्रक मिलिटरी व्हेइकल प्रिझर्व्हेशन असोसिएशनच्या, म्हणजे एमव्हीपीएच्या जजिंगला उतरवायचाय. तिथे जज लोक डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघतात, त्यामुळे 'चालतंय ना, मग झालं' हे तिथे चालत नाही.

अडचण एका स्विचची होती. डॅशवर जो तीन दांड्यांचा लाइट स्विच असतो ना, वर एक मोठी दांडी आणि खाली दोन छोट्या, तो ट्रकमध्ये नव्हताच, आधीच्या कुणीतरी काढून तिथे हार्डवेअरच्या दुकानातली दोन टॉगल बटणं ठोकली होती. दादांनी शोधाशोध करून तीन स्विच जमवले, एक सीलबंद खोक्यातला, एक जुन्या ट्रकवरून उतरवलेला, एक कोरा नवा पण खोक्याशिवाय, आणि तिन्ही विकणाऱ्यांनी छातीठोकपणे एकच स्टॉक नंबर, म्हणजे लष्करी गोदामाच्या यादीतला वस्तूचा नंबर, सांगितला, ५९३०-००-३०७-८८५६. मग त्यांनी मला फोटो पाठवले आणि विचारलं, "नंबर तर तिन्हीचा सेम आहे, मग ओरिजिनल कुठला रे?"

आता खरी गोची इथेच आहे. नंबर तिघांनीही बरोबर सांगितला होता. पार्ट्सच्या मॅन्युअलमध्ये या स्विचपुढे हाच नंबर आहे, शेजारी पार्ट नंबर एमएस५१११३-१ आणि त्याच्या बाजूला पाच आकडी कोड ९६९०६. म्हणजे नंबर तपासून तिघांपैकी एकही बाद होत नव्हता. लोक इथेच थांबतात, नंबर जुळला की पैसे देऊन मोकळे. पण स्टॉक नंबर म्हणजे लायब्ररीतल्या कपाटाचा नंबर समजा, पुस्तक कुठल्या कप्प्यात ठेवायचं ते त्यावरून कळतं, हातातली प्रत पहिल्या आवृत्तीची की झेरॉक्स हे त्यावरून कधीच कळत नाही.

नंबर फोडून बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एकूण तेरा आकडे. पहिले चार म्हणजे वस्तूचा वर्ग, इथे ५९३०, स्विच. मधले दोन म्हणजे ज्या देशाच्या ब्युरोने ही वस्तू कॅटलॉगमध्ये घातली त्याचा कोड, अमेरिकेचे ०० आणि ०१, ब्रिटनचा ९९, जर्मनीचा १२, फ्रान्सचा १४, कॅनडाचा २१, भारताचा ७२. आणि शेवटचे सात हे नुसते ओळीने दिलेले, त्यात काहीही अर्थ दडलेला नसतो, उगाच डोकं लावू नका. देशाचा कोड आणि हे सात मिळून जे नऊ आकडे होतात तेच त्या वस्तूची खरी ओळख. वर्ग बदलू शकतो, नऊ आकडे तेच राहतात, म्हणून शोधताना नऊ आकड्यांनी शोधायचं, जुन्या खोक्यावर पहिले चार वेगळे दिसले म्हणून लगेच खोटं म्हणायचं नाही.

दादांचा पहिला घोळ वर्गातच झाला होता. ते मॅन्युअलशिवाय नुसत्या याद्या चाळत होते आणि गाडीचा पार्ट म्हणून सगळं २५ ने सुरू होणाऱ्या नंबरात शोधत बसलेले. गाडीचा म्हणून गाडीच्याच वर्गात असेल असं नसतं. अख्खी गाडी २३२० मध्ये, केबिन आणि बॉडी २५१० मध्ये, गिअरबॉक्सकडची मंडळी २५२० मध्ये, ब्रेक-स्टिअरिंग-अ‍ॅक्सल २५३० मध्ये, सीट वगैरे २५४० मध्ये हे खरं, पण इंजिनाची इलेक्ट्रिकल सिस्टिम २९२०, कूलिंग २९३०, बेअरिंग ३११०, गॅस्केट ५३३०, गाडीचे दिवे ६२२०, आणि दिवे लावणारा स्विच मात्र ५९३०, कारण कॅटलॉगवाल्यांना तो स्विच म्हणूनच दिसतो, ट्रकचा आहे की जहाजाचा याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आणि हाच स्विच जीपच्या आकाराच्या एम१५१ पासून हमव्हीपर्यंत बऱ्याच गाड्यांत आहे, म्हणून तो कुठल्याही एका गाडीच्या नावावर शोधलात तर अर्धीच माहिती हाती लागते.

आता पहिला स्विच, सीलबंद खोक्यातला. विकणाऱ्याचं म्हणणं, "हा व्हिएतनामच्या वेळचा आहे, बघा नंबरात मध्ये झिरो झिरो आहे, नवा असता तर झिरो वन असतं."

हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकून हसूही येत नाही. कसंय, अमेरिकेत आधी अकरा आकडी नंबर होता, फेडरल स्टॉक नंबर. वर्गाचे चार आणि पुढे सात, मध्ये देशबिश काही नाही. ३० सप्टेंबर १९७४ पासून तेरा आकडी नॅशनल स्टॉक नंबर लागू झाला, तेव्हा आधीपासून कॅटलॉगमध्ये असलेल्या अमेरिकन वस्तूंच्या मध्ये ०० घातले गेले आणि त्यानंतर नव्याने आलेल्यांना ०१ मिळालं. म्हणजे ०० चा अर्थ एवढाच की ही वस्तू १९७४ च्या आधी कॅटलॉगमध्ये आली होती. ती हातातली वस्तू कधी बनली याबद्दल ०० एक अक्षर बोलत नाही. या स्विचचे ०० तसेच राहिले, मग तो १९६८ मध्ये बनवा नाहीतर २००८ मध्ये बनवा.

उलट खोक्यावर तेरा आकडे छापलेले आहेत हाच विकणाऱ्याच्या विरोधातला पुरावा होता, तो त्याच्या लक्षातच आला नाही. १९६९ मध्ये छापलेल्या लेबलवर ५९३०-३०७-८८५६ असं अकरा आकडीच असणार, कारण तेरा आकडे अजून जन्मालाच आले नव्हते. दादांना हे पटवायला बाहेरचं उदाहरण द्यावं लागलं नाही, त्यांच्याच ट्रकच्या डेटा प्लेटवर २३२०-०७७-१६१६ कोरलंय आणि नंतरच्या मॅन्युअलच्या कव्हरवर त्याच मॉडेलला २३२०-००-०७७-१६१६ दिलंय. (पुढे विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढायचं यंत्र, असलेल्या एम३५ए२ च्या नंबराचा शेवट १६१७ आहे. असे शेजारी शेजारी नंबर भावंडांना मिळतात कधीकधी, पण तो नियम समजू नका, शेजारचा नंबर एखाद्या भलत्याच वस्तूचाही निघतो.)

तरी एक शंका राहतेच आणि ती रास्त आहे. लेबल १९७४ नंतरचं म्हणून आतली वस्तूही १९७४ नंतरची असं होत नाही. डेपोत माल वर्षानुवर्षं पडून असतो, वेष्टण खराब झालं की पुन्हा पॅक होतो, नवीन लेबल चिकटतं. मग निकाल कशावर लावायचा? लेबलच्या खालच्या ओळीवर, जी कुणी वाचत नाही. तिथे कॉन्ट्रॅक्ट नंबर असतो. या खोक्यावर तो डीएलए९००-८५-सी असा सुरू होत होता. डीएलए म्हणजे डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी, आणि हे नाव १ जानेवारी १९७७ पासूनचं, त्याआधी ती डिफेन्स सप्लाय एजन्सी होती आणि कॉन्ट्रॅक्टवर डीएसए यायचं. ९०० म्हणजे डेटन, ओहायोचं इलेक्ट्रॉनिक्सचं खरेदी केंद्र. ८५ म्हणजे आर्थिक वर्ष १९८५, म्हणजे १ ऑक्टोबर १९८४ ते ३० सप्टेंबर १९८५. त्याखाली पॅकिंगच्या दर्जाचं अक्षर ए आणि महिना-वर्ष ३/८६. वर बारकोडच्या उभ्या रेघा, ज्या अमेरिकन लष्करी मालावर ऐंशीच्या दशकात यायला लागल्या. सगळं एकमेकांशी जुळतंय. खरेदी ८५ ची, पॅकिंग ८६ चं. खोकं अस्सल, माल अस्सल, फक्त व्हिएतनामची गोष्ट तेवढी रचलेली. विकणारा मुद्दाम फसवत होता असंही वाटलं नाही मला, त्यालाही कुणीतरी तेच सांगितलं असणार आणि त्याने ते पुढे ढकललं.

एक गंमत यातच झाली. लेबलवर ९६९०६ पाहून दादांनी ती कंपनी समजून दोन संध्याकाळी तिचा पत्ता शोधण्यात घालवल्या. पाच आकडी कोड साधारण बनवणाऱ्याचा असतो हे बरोबर, आता त्याला केज कोड म्हणतात, आधी एफएससीएम म्हणायचे, १५४३४ म्हणजे कमिन्स, ६००३८ म्हणजे टिमकेन, ३४६२३ म्हणजे एएम जनरल. पण काही कोड कारखान्याचे नसतातच. ९६९०६ हा मिलिटरी स्टँडर्डचा कोड आहे, एमएस ने सुरू होणारे सगळे पार्ट नंबर त्याच्या नावावर. तसाच १९२०७, हा वॉरन, मिशिगनच्या आर्मी टँक-ऑटोमोटिव्ह कमांडचा, म्हणजे ड्रॉइंग त्यांचं, बनवणारा कुणीही. लष्करी गाडीच्या पार्ट्सच्या यादीत १९२०७ इतक्या वेळा येतो की नवख्या माणसाला वाटतं ही जगातली सगळ्यात मोठी फॅक्टरी असावी.

एमएस५१११३-१ हा अमुक कंपनीचा पार्ट नाहीये, तो एक ठरवून दिलेला नमुना आहे, माप हे, पिना अशा, दांड्या अशा, इतके व्होल्ट, आणि त्याबरहुकूम ज्याने बनवून मंजुरी आणि कॉन्ट्रॅक्ट मिळवलं त्याचा स्विच चालतो. म्हणून एका स्टॉक नंबरखाली चार वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच अस्सल असू शकतात, कास्टिंगमध्ये थोडा फरक, अक्षरांचा फाँट वेगळा, दांडीच्या टोकाचा आकार किंचित वेगळा. 'माझ्या मित्राच्या ट्रकवरचा असा दिसत नाही, म्हणजे हा डुप्लिकेट' हे लॉजिक इथे लागू पडत नाही. खोक्यावर एका कंपनीचं नाव आणि आतल्या वस्तूवर दुसऱ्याचा कोड हेही नेहमीचं आहे, कॉन्ट्रॅक्ट घेणारा एक आणि बनवणारा दुसरा.

दुसरा स्विच उतरवलेला. बघायला अगदीच गरीब, रंगाचे तीन थर, एक दांडी वाकलेली, मागच्या कनेक्टरात माती. खोकं नाही, लेबल नाही. दादांनी तो जवळजवळ बाजूलाच टाकला होता, "याला तर नंबरच नाहीये" म्हणून. मी सांगितलं, रंग खरवडू नका, वायरब्रश तर हातातच घेऊ नका, मऊ ब्रशने आणि पेंट रिमूव्हरच्या बोळ्याने हळूहळू फक्त बाजूचा भाग मोकळा करा आणि टॉर्च आडवा धरून फोटो काढा. आडवा उजेड फार महत्त्वाचा, समोरून फ्लॅश मारला की उथळ शिक्के गायब होतात. तिसऱ्या फोटोत अक्षरं आली. एमएस५१११३-१, खाली बनवणाऱ्याची खूण, आणि त्याखाली डीएएई०७-६८-सी ने सुरू होणारा कॉन्ट्रॅक्ट नंबर.

हे बघून मी जरा सावरून बसलो. डीएएई०७ म्हणजे तेच वॉरन, मिशिगनचं टँक-ऑटोमोटिव्ह कमांड. ६८ म्हणजे आर्थिक वर्ष १९६८, आणि इथे लक्ष ठेवायचं, तेव्हा अमेरिकन सरकारचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू व्हायचं, ऑक्टोबरवर ते १९७६ मध्ये गेलं. म्हणजे हे कॉन्ट्रॅक्ट १ जुलै १९६७ ते ३० जून १९६८ मधलं. माल त्यानंतर काही महिन्यांनी बनून पोचला असणार. दादांच्या ट्रकच्या प्लेटवर डिलिव्हरीची तारीख ५-६९. मे १९६९ ला बाहेर पडणाऱ्या ट्रकमध्ये असा स्विच असणं अगदी नैसर्गिक. हा त्याच ट्रकमधला होता असं अर्थातच नाही म्हणता येत, पण त्या काळातला नक्की.

आणि बघा, या स्विचवर स्टॉक नंबर कुठेच नाहीये. तेच अपेक्षित आहे. स्टॉक नंबर ही गोदामाची सोय, तो लेबलवर, खोक्यावर, मॅन्युअलमध्ये. वस्तूच्या अंगावर बहुतेक वेळा पार्ट नंबर आणि बनवणाऱ्याचा कोड किंवा खूण असते. अपवाद असतात, काही वस्तूंवर स्टॉक नंबरही कोरलेला सापडतो, पण नंबर नाही म्हणून वस्तू फेकून देणं हे उलटंच झालं.

तिसऱ्या स्विचचं याच्या बरोब्बर उलट होतं. कोरा, चकचकीत, आणि अंगावर स्टिकर, त्यावर ठळक ५९३०-००-३०७-८८५६, खाली छोट्या अक्षरात एमएस५१११३-१. बनवणाऱ्याचा कोड नाही, खूण नाही, कॉन्ट्रॅक्ट नाही, तारीख नाही. विकणारा म्हणाला, "नंबर लिहिलाय की त्याच्यावर, अजून काय पाहिजे?" मला विचाराल तर ज्या वस्तूवर फक्त स्टॉक नंबर आहे आणि बाकी काहीच नाही ती वस्तू माझ्यासाठी सगळ्यात संशयास्पद. कारण स्टॉक नंबर कोणीही छापू शकतो, तो गुपित नाही, अमेरिकन सरकारच पब लॉग नावाने ही माहिती फुकट देतं. बनवणाऱ्याचा कोड छापला तर मात्र तो तपासता येतो, आणि म्हणूनच कॉपी करणारे तो सहसा टाळतात.

पण नुसत्या संशयावर परत पाठवणं बरोबर नाही, म्हणून दादांना व्हिडिओ काढायला सांगितला. या स्विचची खाली उजवीकडची छोटी दांडी म्हणजे अनलॉक. मोठी दांडी सर्व्हिस ड्राइव्हवर, म्हणजे नेहमीच्या हेडलाइटवर न्यायची तर अनलॉक धरावा लागतो, नाहीतर ती जातच नाही. हे उगाच नाहीये, अंधारात ब्लॅकआउट, म्हणजे लांबून दिसू नयेत अशा मंद दिव्यांवर ताफा चाललाय आणि कुणाचा गुडघा किंवा बाही अडकून हेडलाइट लागले तर सगळ्यांची जागा उघडी पडेल, म्हणून ते कुलूप. व्हिडिओत दादांनी अनलॉकला हातही न लावता मोठी दांडी ढकलली आणि ती सरळ सर्व्हिस ड्राइव्हवर गेली. संपला विषय. जो नमुना ठरवून दिलाय त्यातली मुख्य गोष्टच इथे नाही, मग अंगावर कुठलाही नंबर असू दे. कामाला लावला तर दिवे लागतील त्याचे, रोजच्या वापराच्या ट्रकला कुणी बसवला तर मी नाक मुरडणार नाही, पण 'ओरिजिनल' म्हणून विकायचा नाही.

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. दुसरा घ्या, साफ करा, दांडी सरळ करा, लावा. पण दादांनी डॅशचा जुना रंग काढताना अजून एक प्लेट सापडली, डेपोची रीबिल्ड प्लेट, साल १९८६. म्हणजे हा ट्रक सतरा वर्षांचा असताना आर्मीनेच डेपोत नेऊन खोलून नव्यासारखा केला होता. आणि रीबिल्डला जे पार्ट लागतात ते त्या वेळच्या स्टॉकमधून, म्हणजे त्या खोक्यातल्या ८५ च्या कॉन्ट्रॅक्टसारख्याच स्विचमधून येणार.

मग ओरिजिनल कुठला? हा प्रश्न आता पहिल्यापेक्षा अवघड झाला, आणि याचं उत्तर कुठल्याही नंबरात नाही. १९६९ ला कारखान्यातून निघालेला ट्रक दाखवायचा असेल तर ६८ चा स्विच. १९८६ ला डेपोतून निघालेला ट्रक दाखवायचा असेल तर ८५ चा, आणि तोही शंभर टक्के लष्करी, शंभर टक्के अस्सल. अर्धं हे आणि अर्धं ते केलं तर मात्र दोन्हीकडून जाल. मला स्वतःला रीबिल्डवाला पर्याय जास्त प्रामाणिक वाटतो, कारण ट्रकच्या आयुष्यात ते खरंच घडलंय आणि प्लेट साक्षीला आहे, पण लोकांना व्हिएतनामच हवं असतं, त्याला काय करणार.

दादांना मी एवढंच म्हटलं की आधी रंगाचं ठरवा, पार्ट आपोआप ठरतील. १९६९ म्हणजे सेमी-ग्लॉस ऑलिव्ह ड्रॅब, शेड २४०८७. सत्तरच्या दशकात चार रंगी मर्डक पॅटर्न आला आणि ऐंशीच्या मध्यापासून रसायनांना दाद न देणारा कार्क रंग, तीन रंगी नाटो पॅटर्नमध्ये. १९८६ चा रीबिल्ड दाखवायचा तर हा तीन रंगी. त्यांच्याकडे २४०८७ चे डबे आधीच आणून ठेवलेले, पांढऱ्या ताऱ्यांची स्टेन्सिलही तयार. "मग ६९ च," ते म्हणाले, "तुझी वहिनी म्हणते तीन रंग दिलेस तर झाडीत उभा केल्यावर सापडायचा नाही."

६९ ठरलं की ट्रकवरची बाकीची वस्ती तपासावी लागते, कारण डेपोने फक्त स्विच बदलला असेल असं थोडंच आहे. इथे ०० आणि ०१ चा खरा उपयोग होतो, फक्त तो विकणाऱ्यांनी सांगितल्यासारखा नाही. ०० वरून काहीच सिद्ध होत नाही हे वर आलंच, पण ०१ वरून बरंच कळतं. ज्या पार्टचा अंगावरचा नंबर शोधल्यावर कॅटलॉगमध्ये फक्त ०१ वाला स्टॉक नंबर सापडतो तो पार्ट १९७४ नंतर कॅटलॉगमध्ये आलाय, म्हणजे ६९ च्या ट्रकवर तो कारखान्यातून येण्याची शक्यता जवळपास नाही. दादांना असे काही पार्ट सापडले, ते त्यांनी काढून वेगळ्या खोक्यात ठेवलेत. विकू नका म्हटलंय, रीबिल्डचा पुरावा आहे तो.

शोधताना अजून एका ठिकाणी लोक अडकतात म्हणून सांगतो. कॅटलॉगमध्ये एका स्टॉक नंबरखाली पार्ट नंबरांची रांगच असते आणि प्रत्येकापुढे दोन छोटे आकडे. त्यात ३ आणि २ असेल तर त्या पार्ट नंबरावरून वस्तू पूर्ण ठरते, तोच डिझाइनचा मुख्य संदर्भ. दुसरा आकडा ९ असेल तर तो नंबर निव्वळ माहितीसाठी ठेवलेला, त्यावर विसंबून खरेदी करायची नाही. शिवाय कास्टिंगवर उठलेला नंबर आणि पार्ट नंबर हे पुष्कळदा वेगळे असतात, एकच ओतीव तुकडा वेगवेगळी मशिनिंग करून दोन पार्ट होतात, तेव्हा मोठा उठावदार नंबर दिसला म्हणून तोच शोधत बसू नका, आजूबाजूला बारीक शिक्का शोधा. आणि पार्ट्सच्या मॅन्युअलमध्ये वर्णनाच्या बाजूला कुठल्या मॉडेलला लागतो त्याचा कोड असतो, तो न बघता घेतलेले पार्ट दर वर्षी किती जणांच्या शेल्फवर पडून असतात ते विचारूच नका.

दुसरा स्विच शेवटी साफ झाला. वाकलेली दांडी थंडच सरळ केली, तापवली नाही. कनेक्टरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतल्या, मीटर लावून प्रत्येक स्थितीत कुठल्या पिना जोडल्या जातात ते वायरिंगच्या आकृतीशी ताडून पाहिलं, स्टॉप लाइट, सर्व्हिस ड्राइव्ह, ब्लॅकआउट मार्कर, ब्लॅकआउट ड्राइव्ह, पार्किंग, पॅनेलचे दिवे मंद आणि प्रखर. सगळं लागलं, फक्त पॅनेलच्या मंदवर थोडा रेझिस्टन्स जास्त आला, दांडी बऱ्याच वेळा मागेपुढे केल्यावर तो उतरला. शिक्का असलेल्या बाजूवर रंग मुद्दाम पातळ मारलाय, म्हणजे आडव्या उजेडात अजूनही वाचता येतो.

तिसरा परत गेला, विकणाऱ्याने कुरकुर करत पैसे दिले आणि जाहिरातीतला 'ओरिजिनल' शब्द काढला, नंबर मात्र तसाच ठेवलाय. पहिला खोक्यातच आहे. दादांना तो उघडून बघायचा फार मोह झाला होता, पण गंजरोधक पिशवीचं सील एकदा तोडलं की लेबल आणि वस्तू यांचं नातं फक्त तुमच्या शब्दावर उरतं, म्हणून थांबवलं. जजसाठी फाइल केलीय त्यात डेटा प्लेटचा फोटो, स्विचवरच्या शिक्क्याचा आडव्या उजेडातला फोटो, पार्ट्सच्या मॅन्युअलमधलं ते पान, आणि रीबिल्ड प्लेटचाही फोटो घातलाय. तो शेवटचा घालायचा की नाही यावर आमचं बरंच वाजलं, दादा म्हणत होते की उगाच जजच्या हातात कोलीत कशाला, पण प्लेट डॅशवर तशीच ठेवणार असतील तर जजला ती दिसणारच आहे.